साक्षरता मोहीम आणि वस्तीतला प्रौढवर्ग: नाव एक, कामं दोन

प्रौढांच्या वर्गासाठी निधी मागायला गेलं की समोरून हमखास एक प्रश्न येतो: ‘किती लोक किती महिन्यांत साक्षर होतील?’ विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पैसे द्यायचे तर त्यातून काय होणार हे कळायला हवंच. पण हा प्रश्न साक्षरता मोहिमेला विचारायचा आहे, आणि समोर बसलेली व्यक्ती बहुतेक वेळा वस्तीतल्या प्रौढवर्गासाठी आलेली असते. दोन्हीकडे मोठी माणसं, दोन्हीकडे पाटी-पुस्तक, दोन्हीकडे दिवसभराचं काम उरकून रात्री जमणं. म्हणून दोन्हींना सरसकट ‘प्रौढशिक्षण’ म्हटलं जातं आणि निधीही एकाच मापाने दिला जातो. त्याचा फटका दर वेळी वर्गाला बसतो.

मोहीम म्हणजे काय ते बघायचं तर क्यूबाचं 1961 साल बघावं. त्या एका वर्षात एक लाखाहून अधिक तरुण स्वयंसेवक, त्यातले कितीतरी अजून शाळकरी वयाचे, कंदील आणि पुस्तकं घेऊन खेड्यापाड्यांत राहायला गेले. दिवसा घरच्यांबरोबर शेतात राबायचं आणि रात्री त्यांनाच शिकवायचं. शिकणाऱ्याची शेवटची परीक्षा म्हणजे देशाचे नेते फिडेल कास्त्रो यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिणं. ती पत्रं हवानातल्या साक्षरता संग्रहालयात जपून ठेवली आहेत. अधिकृत आकड्यांनुसार वर्षअखेरीस सात लाखांवर लोक लिहू-वाचू लागले होते आणि निरक्षरतेचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं होतं.

मला या गोष्टीचं मनापासून कौतुक आहे. अख्खा देश एका कामाला जुंपला की काय होऊ शकतं, ते तिथे दिसलं. मोहिमेला सुरुवात असते, शेवटची तारीख असते, उद्दिष्टाचा आकडा असतो, आणि या तिन्हींमुळेच लोक झपाटून काम करतात. मात्र क्यूबाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. मोहीम संपल्यावर तिथे पाठपुराव्याचे वर्ग सुरू झाले, पुढे प्रौढांना सहावीपर्यंत नेण्यासाठी वेगळी चळवळ उभी राहिली. इतकी गाजलेली मोहीम ज्यांनी केली, त्यांनाही ती एकटी पुरेशी वाटली नव्हती.

आता वर्ग. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात जॉन्स आयलंड नावाचं बेट आहे. तिथल्या कृष्णवर्णीय लोकांना मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेतला उतारा अधिकाऱ्यापुढे वाचून दाखवावा लागे. एसॉ जेन्किन्स हे बेटावरच्या लोकांना बसने चार्ल्सटनला कामावर ने-आण करत. बसमधल्या एका बाईंनी ‘मला वाचायला शिकवा’ म्हटल्यावर त्यांनी वाटेतच शिकवायला सुरुवात केली. बस अपुरी पडू लागली तेव्हा हायलँडर फोक स्कूल या प्रौढशिक्षण संस्थेच्या मदतीने एक जुनी इमारत घेतली गेली. पुढे सहकारी दुकान, मागच्या खोलीत वर्ग. जानेवारी 1957 मध्ये तो सुरू झाला.

शिकवायला बर्निस रॉबिन्सन. व्यवसायाने त्या केशरचनाकार, शिवणकामही करत. शिकवण्याचा अनुभव शून्य. नेमक्या म्हणूनच त्यांना निवडलं होतं, कारण मोठ्या माणसांना मुलांसारखं वागवणारा शिक्षक नको होता. त्यांनी आधी शाळेतली लहान मुलांची पुस्तकं आणली, आणि ती इथे चालायची नाहीत हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग त्यांनी सरळ विचारलं, ‘तुम्हाला काय शिकायचंय?’ उत्तरं आली: स्वतःचं नाव लिहायला, मनीऑर्डर भरायला, मागणीपत्रक भरून टपालाने वस्तू मागवायला, बायबल वाचायला, आणि मतदार नोंदणीचा तो उतारा वाचायला. यादी लोकांची, अभ्यासक्रम त्याच यादीवरून. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि हाताला वळण बसेपर्यंत ते गिरवायला लावलं. ही कल्पना इतर बेटांवर गेली, मग शिक्षिका आणि नागरी हक्कांच्या कार्यकर्त्या सेप्टिमा क्लार्क यांच्या पुढाकाराने दक्षिणेतल्या अनेक राज्यांत पसरली, आणि हजारो लोक तिथून मतदार होऊन बाहेर पडले.

खरा फरक मला इथे दिसतो. मोहिमेत काय शिकायचं ते आधी ठरलेलं असतं आणि ते घेऊन माणसांकडे जायचं असतं. वर्गात आधी माणसं येतात, आपली गरज घेऊन. ती गरज दर वर्षी बदलते. आज सही हवी असते, उद्या मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचायची असते, परवा मोबाइलवर आलेला बँकेचा निरोप खरा की फसवणूक हे ओळखायचं असतं. अशा कामाला शेवटची तारीख कशी लावणार?

गोंधळ वाढवण्यात एका आकड्याचा मोठा हात आहे. ब्राझीलमधल्या अँजिकोस गावात 1963 साली तिथले शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या पद्धतीने सुमारे 300 प्रौढांना 40 तासांत लिहायला-वाचायला शिकवलं गेलं. ‘40 तास’ जगभर गेले. त्या तासांच्या आधी कार्यकर्त्यांनी लोकांमध्ये बसून त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द वेचले होते, ते मागे राहिलं. ‘तिजोलो’, म्हणजे वीट, हा त्यांच्या पद्धतीतला गाजलेला शब्द. जो हात रोज वीट रचतो त्याला तोच शब्द फोडून त्यातली अक्षरं दाखवायची, आणि या विटांचं घर कोणाचं यावरही बोलायचं. शब्द वेचण्याचा वेळ 40 तासांत धरलेला नाही. तो धरला तर ही पद्धत मोहिमेपेक्षा वर्गाच्याच जास्त जवळची ठरते. 1964 मध्ये लष्कराने सत्ता घेतली, देशभर नेण्याची योजना बंद पडली आणि फ्रेरे तुरुंगात गेले.

मी स्वतः काही वर्षं अशा वर्गात शिकवलं. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई नेमाने यायच्या. फळ्यावरची अक्षरं ओळखायच्या, पण पुस्तक उघडलं की अडायच्या. ‘ताई, अक्षरं पळतात,’ म्हणायच्या. चार आठवडे मी त्यांच्याकडून बाराखडी पुन्हा पुन्हा घोटून घेतली. एकदा शेजारच्या बाईंनी आपला चष्मा काढून सहज त्यांच्या डोळ्यांवर ठेवला, आणि त्यांनी अख्खी ओळ बोट न ठेवता वाचली. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या चार आठवड्यांत ते सुचलं नाही याची खंत अजून आहे. आम्ही चष्म्यांसाठी पैसे मागितले. अर्जात पाठ्यपुस्तकांचा रकाना होता, प्रमाणपत्रांचा होता, समारंभाचाही होता. चष्म्यांचा नव्हता.

वर्गाचा खर्च असाच असतो, बारीक आणि न दिसणारा. आईबरोबर आलेलं मूल सांभाळायला कोणीतरी लागतं. जगात आजही 70 कोटींहून अधिक प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. तेव्हा मूल सांभाळण्याची सोय हा खर्च वरवरचा म्हणून उडवता येणार नाही. सलग तीन दिवस कोणी आलं नाही तर घरी जाऊन चौकशी करायला लागते. आणि सगळ्यात मोठा खर्च शिकवणाऱ्याचा. मोहिमेत स्वयंसेवकांवर काम निभावतं, कारण सहा महिने, वर्षभर कोणीही जीव ओतून काम करेल. पाच वर्षं फुकट काम करा असं कोणाला सांगायचं? तुटपुंजं मानधन, तेही वेळेवर नाही. मग चांगली माणसं दुसरीकडे जातात आणि त्यांच्याबरोबर शिकणाऱ्यांचा विश्वासही जातो. नवी व्यक्ती आली की लाजणं पुन्हा पहिल्यापासून.

हे किती खर्चाचं आहे, याचा अंदाज उपलब्ध आहे. ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन आणि ॲक्शनएड यांनी 2005 मध्ये अनेक देशांतल्या कार्यक्रमांचा अभ्यास करून काही मापदंड मांडले. एका शिक्षकामागे 30 पर्यंत शिकणारे, शिक्षकाला निदान प्राथमिक शिक्षकाच्या किमान वेतनाइतका तासानुसार मोबदला, शिकणाऱ्यामागे वर्षाला 50 ते 100 अमेरिकी डॉलर असे किमान 3 वर्षं, आणि देशाच्या शिक्षणखर्चातला किमान 3 टक्के वाटा प्रौढ साक्षरतेला. प्रत्यक्षात काय होतं? युनेस्कोच्या 2019 च्या जागतिक अहवालात माहिती देणाऱ्या देशांपैकी जवळजवळ एक-पंचमांश देशांनी सांगितलं की प्रौढशिक्षणावरचा त्यांचा खर्च शिक्षणाच्या अंदाजपत्रकाच्या अर्धा टक्काही नाही.

जपानने वेगळा मार्ग धरला. युद्धानंतर, 1946 पासून, तिथे ‘कोमिनकान’ नावाची लोकशिक्षणाची सभागृहं उभी राहिली आणि 1949 च्या सामाजिक शिक्षण कायद्याने ती चालवण्याचं काम स्थानिक प्रशासनाच्या कक्षेत आणलं. जागा कायमची, अंदाजपत्रकात ओळ कायमची. आत काय शिकायचं ते लोकांच्या गरजेप्रमाणे बदलत राहिलं. माझ्या मते वर्गाला नेमकं हेच हवं आहे. मोठी रक्कम नसली तरी चालेल, पण पुढच्या वर्षीही मिळेल याची खात्री हवी. मोहिमेला एकरकमी निधी द्या, तिचं काम त्यात होतं. वर्गाला तसाच निधी दिला तर पहिलं वर्ष विश्वास मिळवण्यात जातं, आणि शिकणं रंगात येतं तेव्हा पैसे संपलेले असतात.

आमचंही तेच झालं. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस निधी देणाऱ्या संस्थेने कळवलं की ठरवलेल्या संख्येइतके लोक साक्षर झाले आहेत, सबब उद्दिष्ट पूर्ण झालं आहे. संख्या बरोबर होती. सही करता येणं आणि एक परिच्छेद वाचता येणं, एवढीच त्यांची कसोटी होती. चष्मेवाल्या बाईंचं नावही त्या यादीत होतं. तेव्हा त्या नुकत्याच जोडाक्षरांपर्यंत आल्या होत्या.