पिक्चरमधला राक्षस आणि क्लिनिकबाहेरची रांग

सायन्स फिक्शन पिक्चरमध्ये विज्ञानाचा धोका दाखवायचा म्हणजे ठरलेलं असतं, एखादा डोकं फिरलेला शास्त्रज्ञ लॅबमध्ये भलतंच काहीतरी बनवतो आणि ते पिंजरा तोडून बाहेर येतं. १९९३ चा जुरासिक पार्क घ्या ना. पण डायनोसॉर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली आणि डीएनए इतका टिकत नाही हो, आजवर वाचता आलेला सगळ्यात जुना डीएनए ग्रीनलंडच्या मातीतला, साधारण २० लाख वर्षांपूर्वीचा. त्यामुळे ती भीती सोडून द्या.

मला खरा हादरा दिला १९९७ च्या गॅटाकाने. त्यात राक्षस वगैरे कोणीच नाही. एक साधं जोडपं, पहिल्या मुलाचं हृदय कमजोर निघणार असं जन्मल्या जन्मल्या रक्ताच्या थेंबावरून सांगितलं जातं, म्हणून दुसऱ्या वेळी ते डॉक्टरसमोर बसून हवं तसं मूल निवडून घेतात, बस्स एवढंच, आणि पहिला मुलगा मग आयुष्यभर झाडूपोछाच्याच कामाचा ठरतो.

आपल्या मुंबईने हे जवळजवळ असंच पाहिलंय. गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढून त्यातल्या पेशी तपासायच्या ही अ‍ॅम्नियोसेंटेसिस टेस्ट, डाऊन सिंड्रोमसारखे गुणसूत्रांचे दोष आधी कळावेत म्हणून आलेली, चांगल्या कामासाठीच. पण त्याच पेशींत मुलगा की मुलगी तेही दिसतं. आई सांगते, ८० च्या दशकात लोकलच्या डब्यातसुद्धा त्याच्या जाहिराती असायच्या, आत्ता टेस्टला खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा अशा अर्थाच्या. इथल्या बायकांच्या संघटना भांडल्या, १९८८ ला महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी कायदा केला, १९९४ ला केंद्राचा आला. तोवर सोनोग्राफी हाताशी आली होती, सुईचीही गरज नाही. राज्यात ६ वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. हे आकडे वाचताना मला अजूनही त्रास होतो, कारण यामागे कोणी माथेफिरू शास्त्रज्ञ नव्हता, घरातली समजूतदार म्हणवणारी माणसं होती.

आणि २०१८ ला चीनमध्ये ‘हे जियानकुई’ नावाच्या शास्त्रज्ञाने जुळ्या मुलींचे जीन भ्रूण असतानाच क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापून बदलायच्या तंत्राने, बदलले. एचआयव्ही पेशीत शिरताना सीसीआर५ नावाचं दार वापरतो, ते बंद करायचं होतं. ३ वर्षं जेल झाली त्याला, पण असा बदल पुढच्या पिढ्यांतही उतरू शकतो आणि त्या पोरींना कोणी विचारलंच नव्हतं.

उद्या कोणी उंच, गोऱ्या बाळाचं पॅकेज विकायला लागला तर तो खोटं बोलतोय हे नक्की समजा, उंची एका जीनवर ठरत नाही, डीएनएमधले हजारो बारीक फरक मिळून ठरते. पण तरी त्याच्या दारात रांग लागेल अशी मला धास्ती वाटते. लग्नाच्या जाहिरातीत ‘उंच, गोरी’ आपण अजून छापतोच ना.