‘सारी’ नावाचा आजार आणि सोलापूरचा २०२० चा उन्हाळा

साथीच्या काळात आरोग्याची खात्रीची माहिती कुठून मिळवायची, हा विषय निघाला की बोलणे लगेच व्हॉट्सअॅपवरच्या अफवांवर जाते. कोंबडी, गरम पाणी, कापूर-ओव्याची पुरचुंडी यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. सोलापुरात मात्र लोकांना सर्वांत जास्त चकवले ते एका सरकारी शब्दाने. कागदावर तो शब्द चुकीचा नव्हता. तो लोकांपर्यंत आला आणि त्याचा अर्थ कचेरीतच राहिला.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत घरात कुणी तापाने पडले की शेजारी दारातूनच विचारायचे, ‘कोरोना का सारी?’ सारी म्हटले की घरच्यांच्या जिवात जीव यायचा. कोरोना म्हणजे गल्लीला पत्रे, घराबाहेर स्टिकर, सगळ्या कुटुंबाची रवानगी विलगीकरणात. त्या मानाने सारी म्हणजे निमोनियाचाच प्रकार, असा समज पसरला. मराठी बातम्यांतही ‘सारीचे रुग्ण’, ‘सारीचे बळी’ असे वेगळे मथळे येऊ लागले. कोरोनाच्या जोडीला दुसरीच साथ आली आहे, असे वाचणाऱ्याला वाटले तर त्यात वाचणाऱ्याचा दोष नव्हता.

सारी हा आजार नाहीच. ‘सिव्हिअर अॅक्युट रेस्पिरेटरी इलनेस’ या चार शब्दांची ती आद्याक्षरे. ताप, खोकला, गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला त्रास, आणि रुग्णालयात भरती करण्याइतकी प्रकृती बिघडलेली: एवढे जुळले की रुग्ण ‘सारी’ या कप्प्यात जातो. फ्लूवर लक्ष ठेवण्यासाठी ही व्याख्या जगभर आधीपासून वापरात होती. कप्प्यातला रुग्ण नेमका कशाने आजारी आहे, हे पुढच्या तपासणीत ठरते. जंतू स्वाइन फ्लूचा असेल, दुसरा एखादा असेल, कोरोनाचाही असेल.

या कप्प्याचा उपयोग मोठा होता. २० मार्च २०२० पासून देशभरात अशा सगळ्या भरती रुग्णांची कोरोना तपासणी करावी, असे ठरले. १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल या काळात सारीच्या ५,९११ रुग्णांची तपासणी झाली आणि १०४ जणांत कोरोना सापडला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के लोकांचा परदेश प्रवास नव्हता, की बाधिताशी संपर्क आल्याची माहिती नव्हती. साथ गल्लीत उतरली आहे, हे सांगणारा तो पहिला ठोस पुरावा. म्हणजे सारी हा शब्द धोक्याची घंटा होता, आणि आपल्याकडे त्याच शब्दाने लोक निर्धास्त झाले.

शहरातला पहिला बाधित रुग्ण १२ एप्रिलला जाहीर झाला, तोही मृत्यूनंतर आलेल्या अहवालातून. सुरुवातीला नमुने पुण्याला जात. मग इथल्या सिव्हिल रुग्णालयातच तपासणीची सोय झाली. पण स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे कोरोना नाही, असे धरता येत नव्हते. स्वॅब उशिरा घेतला, नीट घेतला गेला नाही, तर अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. छातीचा फोटो बिघडलेला, ऑक्सिजन उतरलेला आणि स्वॅब निगेटिव्ह, असा रुग्ण दगावला की तो ‘सारी’त राही. कोरोनाच्या रोजच्या आकड्यात तो दिसत नसे. असे मृत्यू बाजूला ठेवण्याचा निर्णय नियमाला धरून होता, असे म्हणणारे आजही आहेत. नियम फक्त पॉझिटिव्ह अहवाल मोजायला सांगत होता, हे खरे. पण १० मे २०२० च्या सुमारास केंद्रीय मार्गदर्शनात संशयित मृत्यूंसाठी वेगळा सांकेतांक दिला गेला होता, आणि निमोनिया किंवा श्वास बंद पडणे हे मृत्यूचे मूळ कारण म्हणून लिहू नये, असेही सांगितले होते. मार्ग होता. रोज संध्याकाळी मोबाइलवर फिरणाऱ्या यादीत त्याचा मागमूस नव्हता, आणि शहर आपला अंदाज त्या यादीवरूनच बांधत होते.

त्यात आपल्या शहराची भाषा. मराठीत ‘सारी’ म्हणजे सगळी. सारीपाट सगळ्यांना ठाऊक. पूर्व भागात, जिथे माग आणि विडी यांवर घरे चालतात, तिथे घरात तेलुगू बोलतात. तेलुगूत आणि कन्नडमध्येही ‘सारि’ म्हणजे खेप, वेळ. दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहत असताना आजाऱ्याला वेगळे ठेवायचे की नाही हे या शब्दावर ठरत होते, आणि शब्दाचा अर्थ या तिन्ही भाषांत कुणी सांगितला नव्हता. दारात येणाऱ्या आशाताई समजावत होत्या, पण त्यांच्या हातातल्या कागदावरही तोच शब्द होता.

आपल्याकडे साथीला नाव लोकांनी दिले आहे. १९१८ चा इन्फ्लुएन्झा मराठी मुलखात ‘मानमोडी’ झाला. मान टाकून पडणारा माणूस ज्याने पाहिला त्याला वेगळे समजावावे लागले नाही. पटकी, म्हणजे कॉलरा, आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर जायचा. पुढे पंढरीच्या वारीला निघणाऱ्यांना पटकीची सुई टोचून घेणे सक्तीचे झाले. सुईला भिऊन कुरकुर झाली, पण सुई कशाची हे वारकऱ्याला माहीत असायचे. प्लेगच्या वेळी, १८९७ चा साथरोग कायदा आला तेव्हा, छापील मराठीत ‘ग्रंथिक सन्निपात’ हा भारदस्त शब्द चालला. बोलण्यात गाठीचा ताप. इस्पितळात माणसे मारून तेल काढतात, ही अफवाही तेव्हाचीच. म्हणजे जुन्या काळी सगळे लोक शहाणे होते असे नाही. पण आजाराच्या नावावरून तरी कुणी फसत नव्हते.

जून २०२० हा सोलापूरच्या विश्वासाचा खरा कडेलोट. महिन्याच्या मध्याला राज्याने मागे राहिलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले, त्यांतले ८६२ मुंबईचे. त्यानंतर थोड्याच दिवसांत सोलापुरात चाळीस मृत्यू रुग्णालयांकडून वेळेवर कळवलेच गेले नव्हते, असे पालिकेने जाहीर केले. मृत्यूंचे प्रमाण इथे जास्त आहे, हे आधीच राज्यभर बोलले जात होते. त्यात हे चाळीस. दडवले की राहून गेले, यावर वाद झाला, नोटिसा गेल्या. वाद कुणाच्या बाजूने सुटला यापेक्षा त्यानंतर काय झाले ते मला महत्त्वाचे वाटते. संध्याकाळच्या आकड्याकडे लोक संशयाने पाहू लागले. मग ‘खरे आकडे’ सांगणाऱ्या ध्वनिफिती फिरू लागल्या आणि ओळखीच्या वॉर्डबॉयचा शब्द पालिकेच्या पत्रकापेक्षा वजनदार ठरला. जुलैच्या मध्यावर दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली आणि रॅपिड तपासण्या सुरू झाल्या, तेव्हा तपासणीला यायला लोक कचरत होते. त्यामागे जूनचे हे सगळे होते.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, सारी हा शब्द जवळपास नाहीसा झाला. त्याच्या जागी ‘स्कोअर’ आला. सीटी स्कॅनचा आकडा घेऊन नातेवाईक रेमडेसिविरच्या रांगेत उभे राहत. स्वॅब निगेटिव्ह असला तरी आजार कोरोनाचा असू शकतो, हे वर्षभरापूर्वी सांगायचे राहिले होते. लोकांनी ते स्वतःच्या घरातल्या माणसाच्या अनुभवातून शिकून घेतले.

जुन्या शब्दाचा हिशोब मात्र नंतर निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर कोरोनाने दगावलेल्याच्या वारसाला ५० हजार रुपये देण्याचे ठरले. पॉझिटिव्ह अहवाल नसला, तरी रुग्णालयातल्या तपासण्यांवरून निदान झालेले मृत्यू त्यात धरायचे होते, आणि दाखल्यावर कोरोना लिहिलेला नाही एवढ्या कारणावरून अर्ज नाकारायचा नव्हता. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याप्रमाणे मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेच जात नाही. कारण असते ते डॉक्टरने भरलेल्या नमुना ४ वर. तो कागद २०२० च्या उन्हाळ्यात कुणी मागून घेतला नव्हता, कारण तो मागायचा असतो हेच कुणाला ठाऊक नव्हते. जिल्ह्याच्या तक्रार समितीपुढे जायचे तर रुग्णालयातून केसपेपर काढावे लागत. पहिल्या लाटेतले कुणी गेलेले असेल, आणि त्या कागदावर निदानाच्या रकान्यात ‘सारी’ एवढेच लिहिलेले असेल, तर त्या घराला हा माणूस कोरोनाने गेला हे दीड वर्षाने सिद्ध करायचे होते. आणि त्याच घराला २०२० च्या एप्रिल-मेमध्ये सांगितले गेले होते की घाबरू नका, कोरोना नाही.