आयआर ड्रायर आणि यूव्ही क्युरिंग: दोन्हीकडे दिवेच, पण काम वेगळं

ऑफसेट छपाई मशीनच्या डिलिव्हरीला, म्हणजे छापलेली शीटं बाहेर पडतात तिथे, दिवे दिसले की लोक सरसकट "यूव्ही आहे" (म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने शाई लगेच घट्ट करणारे) म्हणतात, आणि मग शीट हातात आल्या आल्या कटिंगला पाठवा म्हणून मागे लागतात. इथेच घोळ होतो, कारण बऱ्याचदा ते दिवे आयआरचे म्हणजे इन्फ्रारेडचे असतात.

आयआर म्हणजे नुसती उष्णता. नेहमीची ऑफसेट शाई दोन टप्प्यांत वाळते, आधी तिच्यातलं पातळ तेल कागदात मुरतं, मग वर राहिलेलं जवसासारखं तेल आणि रेझिन (राळ) हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं, आणि या दुसऱ्या भागाला काही तास जातातच. आयआर फक्त या सगळ्याला वेग देतो. म्हणजे दिव्याखालून आलेलं शीट वाळलेलं नसतं, वाळायला लागलेलं असतं! म्हणून सेटऑफ होऊ नये, म्हणजे ओली शाई वरच्या शीटच्या पाठीला लागू नये, यासाठी शीटांवर पावडर मारावीच लागते. वॉटर बेस्ड कोटिंगला मात्र आयआर मस्त चालतो, तिथे पाणीच उडवायचं असतं, सोबत गरम हवेचा झोत हवा. पण घाई म्हणून दिवे फुल करू नका प्लीज, थप्पी जास्त तापली की शीटं एकमेकांना चिकटतात, शिवाय कागदातला ओलावा जाऊन तो आकसतो आणि दुसऱ्या पासला, म्हणजे शीट पुन्हा मशीनमधून काढताना, रजिस्टर (रंग एकावर एक नेमके बसणं) जुळत नाही.

यूव्हीत वाळणं असं काही नसतंच. शाईतच फोटोइनिशिएटर असतो, त्याच्यावर यूव्ही प्रकाश पडला की रेणूंची साखळी जुळत जाते आणि सेकंदाच्या आतच शाई घट्ट. ना काही उडतं, ना मुरतं. म्हणूनच मेटपेट (धातूचा थर दिलेली प्लास्टिक फिल्म), प्लास्टिक असल्या न शोषणाऱ्या मालावर यूव्हीच बरा. पाऱ्याचे यूव्ही दिवे तापतात खूप, त्यामुळे लोकांना वाटतं उष्णतेनेच वाळलं, पण एलईडी यूव्ही (साधारण ३८५ ते ३९५ नॅनोमीटर) शीट फारसं न तापवता तेच काम करतो.

आणि नुसता दिवा बदलून भागत नाही. यूव्ही शाई आयआरखाली कितीही फिरवा, ओलीच राहणार, आणि साधी शाई यूव्हीखाली क्युअर (घट्ट) होणार नाही. शाई बदलली की रोलर, ब्लँकेट (कागदावर शाई उतरवणारं रबर) आणि धुवायचं केमिकलही त्या शाईला चालणारं घ्यावं लागतं, नाहीतर साधे रोलर फुगतात.