ठरलेलं, पण सांगता न येणारं

हॅलेचा धूमकेतू परत कधी येणार, याचं गणित १७५८ साली पॅरिसमध्ये तिघं जण मांडत होते : अलेक्सी क्लेरो, जेरोम लालांद आणि निकोल-रेन लपोत ही गणितात मुरलेली बाई. गुरू आणि शनी त्याला वाटेत कुठे, किती ओढतील याची आकडेमोड महिनोन्‌महिने हातानं चालली. उत्तर आलं : एप्रिल १७५९ च्या मध्याला तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल, फार तर महिनाभर इकडेतिकडे. तो पोचला १३ मार्चला. पाऊणशे वर्षांच्या फेरीत चूक महिन्याची, तीही आधीच कबूल केलेली!

अशा यशांच्या जोरावर १८१४ मध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं लिहिलं, की विश्वातल्या सगळ्या वस्तूंची या क्षणीची स्थिती आणि त्यांच्यावरची बलं ज्याला कळतील, त्याला भविष्यही भूतकाळाइतकंच लख्ख दिसेल. (पंचांगाचा दबदबाही यातलाच. ग्रहण मिनिटावर जुळतं, मग लग्नाचा योग का नाही जुळणार, असं वाटतंच.)

घोडं पेंड खातं ते 'या क्षणीची स्थिती' इथे. पॅरिसच्याच जाक लास्कार यांनी १९८९ मध्ये ग्रहांच्या कक्षांचं दीर्घ गणित केलं. समजा, पृथ्वीची आजची जागा मोजताना १५ मीटर चुकलो, म्हणजे एसटी बसहून थोडं जास्त. ही चूक दर कोटी वर्षांनी साधारण दहापट होते. एक कोटी वर्षांनी १५० मीटर, हरकत नाही. दहा कोटी वर्षांनी मात्र १५ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराएवढी! कक्षेत पृथ्वी नेमकी कुठे असेल, हे तेव्हा सांगताच येणार नाही. नियम न्यूटनचेच, दैवाचा कुठे शिरकाव नाही, तरीही. हवामानाची चूक तर काही दिवसांतच दुप्पट होते.

अणूंच्या पातळीवर गुंता आणखी वाढतो. स्कॅनसाठी शिरेतून देतात त्या टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थाचे निम्मे अणू सहा तासांत गॅमा किरण टाकून मोकळे होतात. पण निम्मे कोणते, ते आधी कळत नाही. बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात, ते ठरलेलंच नसतं. डेव्हिड बोमनं १९५२ मध्ये उलट मांडणी केली : प्रत्येक कणाचा मार्ग ठरलेला आहे, फक्त त्याची सुरुवातीची जागा हवी तितकी अचूक आपल्याला कधीच कळू शकत नाही.