वासरं बर्फातच का जन्मतात?

माँटाना, वायोमिंग, डकोटा, नेब्रास्का. अमेरिकेतल्या राज्यांच्या या पट्ट्यात मार्च-एप्रिलचं हिमवादळ नवलाचं नाही. नेमक्या त्याच दिवसांत रँचवरच्या (गुरं पाळायच्या मोठ्या शेतावरच्या) शेकडो गाई व्यायला टेकलेल्या असतात आणि अख्खं घर रात्रभर पाळ्या लावून कळपात फिरतं. ही गाठ निसर्गाने घातलेली नाही. त्याच माळावरची हरणं विण्यासाठी जूनपर्यंत थांबतात.

गाय साधारण 283 दिवस गाभण असते. मेअखेर वळू कळपात सोडला की मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून वासरं येऊ लागतात. ती वजनावर विकली जातात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्यामुळे महिनाभर आधी जन्मलेलं वासरू तेवढं जड भरतं. शिवाय उन्हाळ्यातल्या गवतकापणीआधी हे काम उरकतं. थोडक्यात, तारीख बाजाराने ठरवली.

सुरुवातीला मात्र कुणी पाळत ठेवतच नव्हतं. 1866 नंतर टेक्सासमधून कळप उत्तरेकडे आले, तेव्हा माळ मोकळा होता. गाई कुठेतरी व्यायच्या आणि पुढे राउंडअपमध्ये, म्हणजे माळावर पांगलेली गुरं एकत्र हाकून आणताना, जिवंत वासरांना डाग द्यायचा, एवढाच हिशोब. चारा साठवायची पद्धत जवळजवळ नव्हतीच. 1886 च्या उन्हाळ्यात दुष्काळ पडला, त्यात माळ अती चरलेला. पाठोपाठ आलेल्या हिवाळ्यात बर्फ थोडा वितळून पुन्हा गोठला आणि गवतावर काचेसारखी साय धरली. गुरं उपाशी मेली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या, तेव्हा डकोटात गुरं पाळणाऱ्या थिओडोर रूझवेल्ट यांची निम्म्याहून जास्त गुरं गेली. माँटानात गुरं राखणाऱ्या, पुढे चित्रकार म्हणून गाजलेल्या चार्ल्स रसेलने मालकाला गुरांची खबर म्हणून बरगड्या निघालेल्या एका जनावराचं चित्रच पाठवलं.

त्यानंतर धंद्याचा आकार बदलला. काटेरी तार होतीच (ग्लिडनचं पेटंट 1874 चं). आता तिच्या जोडीला गवताच्या गंजी आल्या, कळप लहान झाले आणि व्यायला आलेली गाय घराजवळच्या कुरणात आली. 1960-70 च्या दशकांत शारोले, सिमेंटल अशा थोराड युरोपीय जाती आल्या. वासरं मोठी, म्हणून गाई अडू लागल्या आणि रात्रीची जाग वाढली. पुढे जन्माच्या वेळचं वजन बघून वळू निवडायची रीत पडली, तेव्हा हा त्रास कमी झाला.

वाऱ्याचा आडोसा मिळालेलं, कोरडं, पोट भरलेलं वासरू बरीच थंडी सोसतं. ओलं मात्र झपाट्याने गारठतं, आणि वसंतातला बर्फ ओला, जड असतो. म्हणून जानेवारीच्या कोरड्या थंडीपेक्षा एप्रिलचं वादळ घातक. अशा वेळी वासरू पिकअपच्या केबिनमध्ये हीटरपुढे येतं, नाहीतर थेट घरातल्या कोमट पाण्याच्या टबात. चीक पहिल्या काही तासांत पोटात जावाच लागतो. त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषून घ्यायची आतड्याची ताकद दिवसभरात संपते. आपण हौसेने खरवस करतो तो हाच चीक.

रात्रीच्या जागरणावर कॅनडातल्या मॅनिटोबामधल्या गस कोनेफल या शेतकऱ्याने 1970 च्या दशकात एक साधा उतारा पुढे आणला: चारा संध्याकाळी टाका. मग जास्त गाई दिवसा वितात. युक्ती टिकली, आजही वापरात आहे.

नुकसानभरपाईची बाजू बरीच उशिरा सावरली. 5-6 एप्रिल 1997 च्या वादळात नॉर्थ डकोटात हजारो गुरं मेली. ऑक्टोबर 2013 मध्ये साउथ डकोटात तसंच घडलं, तेव्हा भरपाईची केंद्रीय योजना मुदत संपून बंद पडलेली होती. 2014 च्या कृषी कायद्याने ती कायम केली आणि मागच्या नुकसानीलाही लागू केली. भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के.

आता काही कुटुंबं मे-जूनकडे सरकली आहेत. त्यांची वादळं चुकतात. पण वासरं शरदात हलकी भरतात आणि वळू सोडायची वेळ ऑगस्टच्या उन्हात, वाळत्या गवतावर येते, त्यामुळे गाई कमी फळतात.