तापलेल्या पाण्याला जागा लागते

इंजिन तासभर चाललं की नौकेवर गरम पाणी जवळपास फुकटात मिळतं. इंजिनातून 80 अंशांच्या आसपास तापून निघालेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गरम पाण्याच्या टाकीतल्या वेटोळ्या नळीतून फिरतं आणि टाकीतलं पाणी तापवतं. धक्क्यावर वीज मिळत असेल तर हेच काम टाकीतला हीटर करतो. दोन्हीकडे पाणी तापतं आणि फुगतं, पण टाकी बंद असते.

टाकीत 40 लिटर पाणी आहे असं धरू. ते 15 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापलं की सुमारे 1.6 टक्क्यांनी, म्हणजे साधारण 650 मिलिलिटरनी वाढतं. 80 अंशांपर्यंत गेलं तर वाढ 1.1 लिटरच्या घरात जाते. नळ बंद आहेत. थंड पाणी टाकीत शिरतं त्या वाटेवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे, त्यामुळे मागेही फिरता येत नाही. शिवाय पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. टाकी आणि नळ्या तसूभरही ताणल्या जात नसत्या, तर एवढ्या वाढीने दाब शेकडो बारवर गेला असता (1 बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब). अर्थात, त्याच्या कितीतरी आधी काहीतरी फुटलं असतं.

तसं होऊ नये म्हणून टाकीवर रिलीफ व्हॉल्व्ह असतो. बऱ्याच नौकांवर तो 3 बारला उघडतो. देनी पापँने सतराव्या शतकात वाफेच्या बंद भांड्यावर वजनाचा व्हॉल्व्ह बसवला होता. तत्त्व तेच, फक्त इथे वजनाऐवजी स्प्रिंग. पण हा व्हॉल्व्ह संकटासाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. दरवेळी पाणी तापल्यावर तो उघडत असेल तर जपून भरलेलं गोडं पाणी नौकेच्या तळाशी जातं, व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार बसतात आणि तो थेंब थेंब गळू लागतो. मग दाब उतरतो आणि एकही नळ उघडा नसताना नळांतला दाब राखणारा पंप मध्यरात्री आपोआप सुरू होऊन घुरघुरतो. बरेच जण पंपाला दोष देऊन मोकळे होतात.

खरा इलाज म्हणजे एक्स्पान्शन टाकी. छोटं भांडं, मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. फुगलेलं पाणी हवेला दाबून स्वतःला जागा करून घेतं. किती जागा मिळेल हे रॉबर्ट बॉइलने 1662 मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येतं, फक्त दाब दाखवणाऱ्या गेजवरच्या आकड्यात वातावरणाचा 1 बार मिळवायला विसरू नये. पंप 2 बारला बंद होतो आणि भांड्यात हवाही तेवढीच भरली आहे, असं समजा. खरा दाब 3 बार. व्हॉल्व्ह उघडताना तो 4 बार असेल, म्हणजे हवा तीन चतुर्थांश जागेत मावेल आणि एक चतुर्थांश भांडं पाण्याला मिळेल. 650 मिलिलिटरसाठी 2.6 लिटरचं भांडं लागेल. इंजिनाने 80 अंश गाठायचे असतील तर साडेचार लिटरच्या आसपास. थोडं मोठंच घ्यावं.

ते नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला हवं. अक्युम्युलेटर दिसायला अगदी असाच असतो, पण तो थंड पाण्याच्या नळीवर पंपाजवळ बसतो. पंपाने सारखं चालू-बंद होऊ नये एवढंच त्याचं काम. फुगलेलं गरम पाणी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ओलांडून त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे एकावर दुसऱ्याचं काम भागत नाही.

भांड्यातली हवा हळूहळू कमी होते. ती मोजण्याआधी पंप बंद करून नळ उघडावा, नाहीतर गेज पाण्याचाच दाब दाखवेल. हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटला आहे. भांडं किंवा पडदा बदलावा लागेल.

गळतो म्हणून रिलीफ व्हॉल्व्हचं तोंड मात्र कधीही बंद करू नये. विजेच्या हीटरचा थर्मोस्टॅट बिघडला तर बंद टाकीतलं पाणी 100 अंश ओलांडूनही उकळत नाही, कारण 3 बार दाबाखाली त्याचा उत्कलनबिंदू 140 अंशांच्या पुढे असतो. अशी टाकी फुटली की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते.