पाळी गेल्यावर स्नायूंची डागडुजी कोण करतं?

दादरच्या पुलाचा जिना चढताना मांड्या भरून आल्या की पन्नाशीतली बाई म्हणते, ‘हाडं झिजली’, आणि केमिस्टकडून कॅल्शियमच्या गोळ्या आणते. हाडांची काळजी हवीच. पण जिना चढायला ताकद लागते स्नायूंची, आणि रजोनिवृत्तीचा फटका त्यांनाही बसतो.

अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक रजोनिवृत्तीत खूप घटतं, आणि ते ओळखणारे रिसेप्टर स्नायूंमध्येही असतात. यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग म्हणजे सॅटेलाइट पेशी. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या. स्नायूचा तयार तंतू स्वतः विभागू शकत नाही. त्याला खेटून, बाहेरच्या आवरणाखाली या पेशी निद्रिस्त असतात. तंतूला इजा झाली की जाग्या होतात, विभागतात. नव्या पेशींपैकी काही तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रकं देतात. काही मागे राहून पुन्हा निद्रिस्त होतात. शेतकरी सगळं धान्य संपवत नाही, बियाणं राखतो, तसंच हे. आणि ही राखण बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. अंडाशय काढलेल्या उंदरांमध्ये या पेशी घटल्या, इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) दिल्यावर सावरल्या. अंडाशय शाबूत ठेवून फक्त सॅटेलाइट पेशींमधला इस्ट्रोजेनचा ‘अल्फा’ रिसेप्टर काढला, तरीही घटल्या! म्हणजे संप्रेरकाचा संदेश थेट त्यांनाच जातो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या याच संशोधनात मोजक्या स्त्रियांच्या स्नायूंचे नमुनेही तपासले होते. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यातही घट दिसली.

म्हणून ‘हार्मोन बॅलन्स’च्या पावडरी मागवू नका, बंद पडलेलं अंडाशय त्यांनी सुरू होत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखालची इस्ट्रोजेन उपचारपद्धती वेगळी, पण तिचेही स्नायूंवरचे निष्कर्ष संमिश्र आहेत. केवळ ताकदीसाठी ती देत नाहीत.

‘या वयात बाईने वजन उचलू नये’ हा सल्ला तर मला घातक वाटतो. बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांना ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर त्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. १९९० चा हा प्रयोग. इस्ट्रोजेन नसलं तरी स्नायू ताणाला प्रतिसाद देतो. गुडघा किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या, मग खुर्चीतून हात न टेकता उठण्यापासून सुरुवात करा. सोबत प्रथिनं हवीत: वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. चहा-चपातीवर दुपार काढून ती मिळत नाहीत; मुगाची उसळ, दही, अंडं, बांगडा यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असायला हवं.